पुरात भिजलेला मुस्तफा

पत्र:

काका, नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. वडिलांनी १९९५ पासून आठ-नऊ वर्षं घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ गेमचं दुकान चालवलं. पाच मशिनं होती. दुकान बंद केलं तेव्हा चार विकली, एक राहिलं. त्यात ‘मुस्तफा’ हा गेम आहे. २०१९ च्या पुरात ते खालच्याच खोलीत होतं. पाणी टोकनच्या दाराच्या निम्म्यापर्यंत चढलं, स्क्रीनपर्यंत गेलं नाही. पूर ओसरल्यावर आम्ही ते पाइपनं धुतलं, चार दिवस उन्हात ठेवलं आणि जिन्याखाली ढकललं. यंदा वडिलांना ७५ वर्षं पूर्ण होतात म्हणून बाहेर काढलं. गेल्या रविवारी पिन लावली. वरच्या काचेमागची ट्यूबलाइट लागली. सतत घूं असा आवाज येतो. स्क्रीनवर चित्र नाही, मधोमध एक आडवी पांढरी रेघ आहे. ती दर दोन-तीन सेकंदांनी विझते आणि परत येते. टोकन टाकल्यावर एकदाच टिंग झालं, नंतर नाही. जॉयस्टिक उजवीकडं चालत नाही, पण वडील म्हणतात ते दुकान होतं तेव्हापासूनचं आहे. एका मेकॅनिकला दाखवलं. तो म्हणाला, आतलं सगळं भंगारात घाला, एलसीडी आणि हजार गेमचा बोर्ड बसवतो, दोन तासांचं काम आहे. मला जुनंच चालू करायचंय. मी घरचे फॅन, मिक्सर, इस्त्री दुरुस्त करतो, सोल्डरिंग येतं, मीटर आहे. बायको म्हणते, त्या खोक्यात हात घातलास तर मी माहेरी चालले. काय करू?

– एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर:

आधी पिन काढा. हे वाचताना ती भिंतीतच असेल तर उठा, काढून या, मग पुढं वाचा.

सूनबाईंचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, मेकॅनिकचं पाव. राहिलेल्या पाव भागावर तुमचा मुस्तफा उभा राहील. तुमचं मशिन एका ठिकाणी बिघडलेलं नाही. निदान तीन ठिकाणी बिघडलंय आणि त्या तिन्ही बिघाडांची एकमेकांशी ओळखसुद्धा नाही. हौशी माणूस नेमका इथं फसतो. सगळ्या तक्रारींना एकच कारण शोधत बसतो, ते काही सापडत नाही, मग दिसेल ती आयसी (चिप) बदलत सुटतो. मीही एकदा असाच सुटलो होतो. ते पुढं येईल.

या उंच पेटीकडं दोन मशिनं म्हणून बघा. वरच्या अर्ध्यात एक रंगीत टीव्ही आहे: पिक्चर ट्यूब, तिच्या मानेवरचा योक (तारेची वेटोळी), मागची चासी (टीव्हीचं सर्किट). खालच्या अर्ध्यात पॉवर सप्लाय, ट्रान्सफॉर्मर, वायरी, गेमचा बोर्ड, बटणं. खालचा भाग तुमचा. मिक्सर उघडून परत जोडणाऱ्याला तो जमतो. वरचा भाग तुमचा नाही, आणि ‘नुसतं बघतो’ म्हणूनही तो तुमचा होत नाही. नुसतं ‘हात लावू नका’ म्हटलं की माणूस हमखास हात लावतो, म्हणून कारण सांगतो.

ट्यूबच्या काचेवर एका बाजूला रबराची टोपी चिकटलेली दिसेल, तिच्यातून जाड वायर निघते. मशिन चालू असताना त्या टोपीखाली २० ते २५ हजार व्होल्ट असतात. ट्यूबची काच वीज साठवणाऱ्या कंडेन्सरसारखी वागते, त्यामुळं पिन काढल्यावरही हा साठा राहतो, कधी कधी कित्येक दिवस. जाणता मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधतो, वायरचं दुसरं टोक ट्यूबवरून गेलेल्या उघड्या विणलेल्या तारेला पकडतो, मग पातं टोपीखाली सरकवतो. टक् असा आवाज येतो. पाच मिनिटांनी तो परत तेच करतो, कारण काच उरलंसुरलं पुन्हा वर काढते. मला स्वतःला मात्र या पंचवीस हजारांपेक्षा चासीवरच्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरची जास्त भीती वाटते. २३० व्होल्टचा मेन सरळ रेक्टिफाय केला, म्हणजे एसीचा डीसी केला, की त्याच्यावर ३२५ व्होल्ट बसतात, आणि त्यामागं जोर असतो. टोपीचा झटका माणसाला मागं फेकतो, हा कंडेन्सर धरून ठेवतो. शिवाय ट्यूबची मान बांगडीसारखी नाजूक. कोपर लागून ती तडकली की मशिन खरोखरच एलसीडीचं होतं.

तर वरच्या भागासाठी जुना टीव्ही मेकॅनिक शोधा, चाळीस-पन्नाशीच्या पुढचा, ज्याच्या दुकानात अजून एखादी उघडी ट्यूब धूळ खात पडलीय असा. सांगली-मिरज-कुपवाडात मिळून असे चार तरी निघतील. त्याला काय सांगायचं ते पुढं लिहितो.

आता तुमचा भाग. पूर आला तो ऑगस्टमध्ये. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोक्याची खूण ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. गावभागातल्या माणसाला हे मी सांगायला नको. तुमच्यासाठी महत्त्वाचं इतकंच की पाणी टोकनच्या दाराच्या निम्म्यापर्यंत होतं. म्हणजे तळाच्या फळीवर जे जे बसवलंय ते पाण्यात बुडालेलं होतं: सप्लाय, ट्रान्सफॉर्मर, मेनची जोडणी, फ्यूज. गेमचा बोर्ड बहुतेक पेट्यांत बाजूच्या फळीवर, वरच्या अंगाला ठोकलेला असतो. तो वाचलाय असं तुमच्या पत्रावरूनच दिसतं. कसं, ते सांगतो.

तुम्ही पेटी पाइपनं धुतली, बरं केलंत. पण सप्लायच्या डब्यात गेलेला गाळ पाइपनं निघत नाही. वाळला की तो निरुपद्रवी वाटतो. मळ्यात पसरला तर चांगलाच. डब्यात बसला की पावसाळी हवेतली ओल धरतो आणि दोन वायरींमधला रस्ता होतो. म्हणून मेमध्ये चालणारं मशिन जूनमध्ये फ्यूज उडवतं. पाण्यात बुडालेला सप्लाय दुरुस्त करू नका. उघडूसुद्धा नका, त्याच्यातही तसाच ३२५ व्होल्टचा कंडेन्सर आहे. नवा आणा. गेम मशिनचा सप्लाय म्हणून मागा: त्यातून +५, +१२ आणि −५ असे तीन व्होल्टेज निघतात. कॉम्प्युटरचा जुना सप्लाय लावता येतो, पण अलीकडच्या सप्लायमधून −५ येतच नाही आणि काही बोर्डांचा आवाज त्याच्यावर चालतो. नव्या सप्लायच्या अंगावर ११०-२२० चा छोटा सरकता स्विच असला तर पिन लावण्याआधी तो २२० वर आहे ना ते दोनदा पाहा. तो ११० वर राहिला तर सप्लाय फटाक्यासारखा जातो, आणि दुकानदार बदलून देत नाही.

तळाचा जड ट्रान्सफॉर्मर मात्र टाकू नका. तो व्होल्टेज कमी-जास्त करायला असेलच असं नाही. पुष्कळदा तो मॉनिटरला घरच्या लाइटपासून वेगळं ठेवण्यासाठी असतो. नवख्याला वाटतं, जेवढे व्होल्ट आत जातात जवळपास तेवढेच बाहेर येतात, मग हे चार किलोचं ओझं कशाला? काढून टाकतो आणि वायरी सरळ जोडतो. या मॉनिटरच्या चासीला मेन सरळ भिडतो. तिची ग्राउंड गेमच्या बोर्डच्या ग्राउंडला मिळाली की धडाम्, आणि टोकनच्या दाराला हात लावलेल्या पोरालाही झटका. तुमचा ट्रान्सफॉर्मर पाण्यात होता, म्हणून तो सोडवून मोटार रिवाइंडिंगवाल्याकडं न्या. त्याच्याकडं मेगर असतो. दोन वाइंडिंगमध्ये आणि वाइंडिंग ते पत्रा यांत गळती आहे का ते तो दोन मिनिटांत सांगेल. असली तर भट्टीत वाळवून वॉर्निश करून देईल. पूर ओसरला की भिजलेल्या मोटारींची रांग कुठल्या दुकानापुढं लागते ते तुम्हाला माहीत आहेच, तिथंच जा.

मेनची वायर, स्विच, फ्यूजचं घर नवं घाला. तीन पिनचा प्लग, आणि अर्थिंगची वायर टोकनच्या लोखंडी दाराला आणि बटणांच्या पत्र्याला स्क्रूनं घट्ट. फ्यूज उघडून नीट बघा. वडील रागावतील, पण विचारा: कधी फ्यूजऐवजी तार गुंडाळली होती का? मी दुकानांतून गुंडाळलेली तार पाहिलीय, सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागदही पाहिलाय. रविवारी दुपारी पंचवीस पोरं रांगेत उभी असताना फ्यूज आणायला कोण जाणार? त्यांचं तेव्हा चुकलं असं मी म्हणत नाही. फक्त ती तार अजून तिथं असेल तर काढा.

पहिल्यांदा चालू करताना सिरीजचा बोर्ड वापरा. तुमच्याकडं नसेल तर एका फळीवर होल्डर आणि सॉकेट ठोकून संध्याकाळी करता येईल: १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब मेनच्या फेज वायरमध्ये मधोमध. एलईडी बल्ब चालत नाही. मॉनिटरचा प्लग काढलेला, गेमच्या बोर्डचा कनेक्टर काढलेला, फक्त नवा सप्लाय. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख तेवत राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे, आणि तो शॉर्ट बल्बनं स्वतःवर घेतला. काही सप्लाय ओझ्याशिवाय बरोबर व्होल्टेज दाखवत नाहीत. मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बल्ब पाच व्होल्टवर लावा. मंद लागेल, ओझ्याला तेवढं पुरतं.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ: रेघ दोन-तीन सेकंदांनी विझते आणि परत येते. तुम्ही ती सहज लिहिलीत, मी मात्र ती वाचून खुर्चीत पुढं सरकलो. आडवी रेघ म्हणजे चित्र नाही असं नव्हे. चित्र आहे, पण वरून खालून चिरडून एका रेघेत आलंय. म्हणजे रेघ विझते तेव्हा गेमचं चित्रच विझतं. बोर्ड सुरू होतो, अडखळतो, स्वतःला बंद करून पहिल्यापासून सुरू होतो. या बोर्डांवर वॉचडॉग नावाची एक राखण असते. मुख्य चिपनं ठरल्या वेळात ‘मी जागी आहे’ असं कळवलं नाही की वॉचडॉग सगळं पुसून नव्यानं सुरू करतो. चिप कळवत नाही याचं पहिलं कारण चिप मेली हे नसतं. तिला पोटभर व्होल्टेज मिळत नाही हे असतं.

माझी गोष्ट सांगतो. १९९७-९८ ची असेल. मिरजेत एका दुकानातलं मशिन संध्याकाळी असंच पुन्हा पुन्हा सुरू व्हायचं. मी दोन रात्री बसून मेमरीच्या सहा आयसी काढल्या, नव्या बसवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ठणठणीत, संध्याकाळी सातला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दुकानात झाडू मारणारा बारा वर्षांचा पोरगा म्हणाला, “काका, सकाळच्याला चालतंय की ते. लाइट डिम झाली की मरतंय.” मी तोवर मीटर बोर्डवर लावलाच नव्हता. लावला तर पाचच्या जागी साडेचार. मेन संध्याकाळी १८० पर्यंत उतरायचा आणि त्या जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या सप्लायला तेवढ्यात भागत नव्हतं. एक स्टॅबिलायझर लावला, काम संपलं. सहा आयसींचे पैसे मी मागितले नाहीत, पोराला मात्र दहा रुपये दिले.

तेव्हा मीटर लावा, आणि सप्लायवर नाही, बोर्डवर लावा. सप्लायच्या पट्टीवर ५.०५ दिसतील आणि वायरीतून, कनेक्टरमधून बोर्डपर्यंत जाता जाता ४.६ उरतील. बोर्डला ४.७५ ते ५.२५ यामध्ये लागतात. मी स्वतः ५.०५ च्या आसपास ठेवतो. सप्लायवर एक छोटा प्रिसेट असतो, तो फिरवून वाढवता येतं, पण मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावतात तसं फिरवायचं. कारागीर घोडीवर कानस एकदा हलकी ओढतो, तार छेडतो, ऐकतो, मग पुन्हा ओढतो. एकदा जास्त घासलेली घोडी परत वाढत नाही. तुम्हीही केसभर फिरवा, मीटर बघा, थांबा. साडेपाचच्या पुढं गेलात तर वाचलेला बोर्ड हातानं माराल.

प्रिसेटला हात लावण्याआधी कनेक्टर साफ करा, कारण खरी चोरी तिथं होते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून जपानी कंपन्यांनी जम्मा नावाची एकच जोडणी ठरवून घेतली. म्हणूनच तुमचे वडील एका पेटीत आज हा गेम, उद्या तो गेम घालू शकले. बोर्डच्या कडेला दोन्ही बाजूंना २८-२८ सोनेरी पट्ट्या, एकूण ५६. आयसी असलेल्या बाजूनं मोजलं तर १ आणि २ ग्राउंड, ३ आणि ४ पाच व्होल्ट, ५ वर −५, ६ वर +१२, ७ रिकामी, तिथं कनेक्टरमध्ये अडसर असतो. शेवटच्या २७ आणि २८ पुन्हा ग्राउंड. बहुतेक करंट ३ आणि ४ मधून जातो, त्यामुळं कनेक्टरचं प्लॅस्टिक तिथंच तपकिरी झालेलं सापडेल. बोर्डच्या पट्ट्या शाळेतल्या पांढऱ्या खोडरबरनं घासा, भुगा ब्रशनं झाडा, वर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) फिरवा. सँडपेपर नको, सोन्याचा मुलामा निघून जातो. कनेक्टरच्या आतल्या पत्त्या काळ्या पडल्या असतील तर त्या साफ होत नाहीत, कनेक्टरच बदला. ५६ वायरी सोल्डर करायला एक रविवार जाईल. एकेक वायर तोडा आणि लगेच नव्यावर लावा. सगळ्या एकदम तोडून मग जुळवायला बसलेला माणूस मी पाहिलाय. आणि त्या सातव्या खाचेतला अडसर तुटला असेल तर आधी तो बसवा. बोर्ड एकदा उलटा खोचला की पाच व्होल्ट भलतीकडंच जातात, पुढं बोलायला काही उरत नाही.

तुमचा बोर्ड जिवंत आहे असं मी म्हणालो ते त्या टिंगवरून. पण खात्री करा: तो आवाज स्पीकरचाच होता ना? टोकन पत्र्यावर आपटल्याचा नव्हता ना? टोकनच्या दाराच्या आत एक बारीक तारेचा मायक्रोस्विच असतो, टोकन पडताना तो दबतो. पाच व्होल्ट ठीक झाल्यावर तो बोटानं दाबा. स्पीकरमधून टिंग आलं तर मुख्य चिप, आवाजाची चिप आणि स्पीकर, तिन्ही शाबूत. या गेममध्ये त्या टिंगवरून आणखी एक गोष्ट कळते. ‘मुस्तफा’ हे आपलं नाव, पिवळ्या टोपीवाल्यावरून. कॅपकॉमनं १९९३ मध्ये काढलेला हा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कंपनीच्या अस्सल बोर्डवर एक ३.६ व्होल्टची लिथियम बॅटरी असते. ती चिपमधली एक किल्ली जपते, म्हणजे कुलूपबंद केलेला प्रोग्राम उघडायचा कोड. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि बोर्डवरची एकही चिप बिघडलेली नसताना गेम चालायचा थांबतो. तुमच्या बोर्डवर बॅटरी दिसली तर तिला हातही लावू नका, ‘जुनी आहे, नवी घालतो’ म्हणून तर नाहीच नाही. ती काढताक्षणी किल्ली जाते. पण १९९५ च्या दुकानातला बोर्ड, इतक्या वर्षांनी आवाज देतोय, म्हणजे माझ्या अंदाजानं त्यावर बॅटरी नसणारच. कॉपी बोर्ड आहे. वडिलांना तो अस्सल म्हणून विकला गेला असेल तर वाईट वाटून घेऊ देऊ नका. नकली होता म्हणून वाचला.

घूं आवाजाचं म्हणाल तर स्पीकर उघडण्याआधी एवढं करा: आवाजाचा प्रिसेट शून्यावर न्या. घूं तशीच राहिली तर ती स्पीकरची नाही, वरच्या ट्यूबलाइटच्या चोकची आहे. चोकच्या पत्र्या सैल झाल्या की त्या शंभर सायकलवर गुणगुणतात आणि प्लायवूडची रिकामी पेटी त्याला सूर देते. चोक बदला किंवा तिथं एलईडीची पट्टी लावा. त्या काचेमागं पट्टी लावलेली माझ्यासारख्या जुन्या माणसालाही खटकणार नाही.

जॉयस्टिकचं काम सगळ्यात सोपं, आणि वडिलांनी पंचवीस वर्षं का टाळलं ते त्यांनाच विचारा. खालून पॅनेल उघडा. चार बाजूंना चार मायक्रोस्विच दिसतील. दांडी हलवा, चारही टिक् वाजायला हवेत. एक गोम आहे: दांडी उजवीकडं ढकलली की दाबला जातो तो डावीकडचा स्विच, कारण दांडीचं खालचं टोक उलटं जातं. लोक चुकीचा स्विच बदलतात आणि नशिबाला दोष देतात. स्विचच्या दोन टोकांवर मीटर कंटिन्युइटीला लावा. टिक् वाजतो पण मीटर वाजत नाही, तर स्विच गेला. मीटरही वाजतो, तर वायर बघा: पहिल्या खेळाडूचं उजवं आयसीच्या बाजूच्या २१ नंबरच्या पट्टीला जातं. दुसरी वायर ग्राउंडची, ती एका स्विचवरून दुसऱ्यावर साखळीनं जाते. वर, खाली, डावं चालत असेल आणि उजवा स्विच साखळीच्या टोकाला असेल, तर शेवटचा तुकडाच तुटलेला असण्याची शक्यता मोठी. चार इंच वायर लागेल.

आता त्या टीव्ही मेकॅनिककडं जाताना काय म्हणायचं ते. ‘गेम मशिन चालत नाही’ म्हणालात तर तोही एलसीडीच सुचवेल. म्हणा, “वीस-एकवीस इंची कलर ट्यूब आहे, ईएचटी येतोय, आडवी रेघ आहे, व्हर्टिकल गेलंय.” ईएचटी म्हणजे टोपीखालचे ते हजारो व्होल्ट, व्हर्टिकल म्हणजे चित्र वरखाली पसरवणारं सर्किट. या एका वाक्यावर त्याचा चेहरा बदलेल, कारण ही तक्रार त्यानं आयुष्यात शेकडो वेळा काढलीय. गेमच्या बोर्डचा यात काही दोष नाही. बोर्डकडून सिंक, म्हणजे चित्र जागेवर धरणारा सिग्नल, आला नसता तर चित्र वरखाली पळालं असतं, रेघ झालं नसतं. तो आधी व्हर्टिकल आयसीच्या पायांवर ड्राय सोल्डर (सैल पडलेले टाके) बघेल, मग योकचा कनेक्टर, मग आयसीला जाणारा २४-२५ व्होल्टचा सप्लाय आणि त्यातला छोटा रेझिस्टर, मग योकच्या वाटेतला मोठा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. सगळ्यात शेवटी आयसी. तुमच्या चासीवर एलए ७८३० किंवा एलए ७८४० असा काही नंबर असेल तर तो कागदावर लिहून न्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या चासीत ते कंडेन्सर सुकलेले असणारच, चालू झालं तरी जाता जाता बदलून घ्या. तोवर एक करा, नव्हे, करू नका: रेघ बघत बसण्यासाठी मशिन चालू ठेवू नका. सगळा उजेड त्या एका ओळीवर पडतो आणि आतला फॉस्फर जळतो. दुरुस्तीनंतर चित्र येईल, पण मुस्तफाच्या कमरेतून कायमची एक काळपट रेघ जाईल. मेकॅनिकला तपासताना ब्राइटनेस कमी ठेवायला सांगा. आणि तो पेटीतून मॉनिटर काढायला लागला तर दुसऱ्या बाजूनं धरायला तुम्ही हवे, वडील नकोत. ट्यूब धरून उचलायची, मान धरून नाही.

एलसीडीवाल्याला मी पाव मार्क दिले ते यासाठी: ट्यूबच गेली असेल तर त्याचंच खरं. नवी ट्यूब बाजारात मिळत नाही. तरीसुद्धा बोर्ड फेकू नका. हा बोर्ड साधारण १५.७ किलोहर्ट्झवर चित्र देतो, ते बहुतेक एलसीडी घेत नाहीत, मध्ये कन्व्हर्टर लागतो. एलसीडीवाला ही गोष्ट न सांगता हजार गेमचा बोर्ड सुचवतो कारण त्याला ते सोपं पडतं. त्याच्या जागी मी असतो तर मलाही पडलं असतं. पण ट्यूब आहे, ईएचटी आहे, रेघ उजळ आहे. अशा ट्यूबला भंगारात घालायला मी काही सांगणार नाही.

सूनबाईंना सांगा की काका म्हणाले, वरच्या भागाला हात लावला तर तुम्ही खुशाल माहेरी जा. खालच्या भागासाठी मात्र दोन रविवार द्या. पहिल्या रविवारी मेन, अर्थिंग, नवा सप्लाय. दुसऱ्या रविवारी कनेक्टर आणि जॉयस्टिक. ट्रान्सफॉर्मर आणि चासी त्या मधल्या आठवड्यात बाहेर. वाढदिवसाची तारीख तुम्ही लिहिली नाहीत, तेव्हा घाई करू नका.

दुसरं पत्र पाठवाल तेव्हा तीन आकडे लिहा: सप्लायच्या पट्टीवरचे पाच व्होल्ट किती, बोर्डच्या ३ नंबरच्या पट्टीवर किती, आणि मीटर एसीवर लावून त्याच जागी किती मिलिव्होल्ट येतात. शेवटचा आकडा शंभराच्या वर असेल तर नवा सप्लायसुद्धा बदलून मागा, पावती जपून ठेवा. आणि टोकन कोणती होती तेही कळवा, पितळेची की ॲल्युमिनियमची. पितळेची असतील तर मायक्रोस्विचची तार थोडी वेगळी वाकवावी लागते.